सासू नावाचं गेट

"जवर नोको येऊ, बाई. दूर राय. मले पयले आंग धुऊ दे."

हा आवाज माझ्या बाबांचा. मी तेव्हा पाच वर्षांची असेन. अंगणाच्या तोंडाशी ते उभे होते, खांद्यावर लोखंडी पेटी, आणि मी त्यांच्याकडे धावत निघाले होते. त्यांनी हात आडवा धरला, धानात शिरणाऱ्या वासराला अडवावं तसा. मी थांबले. पेटी खाली ठेवून ते तडक विहिरीवर गेले आणि बादल्यांवर बादल्या अंगावर ओतत राहिले. माय टॉवेल घेऊन उभी होती. तो टॉवेलसुद्धा त्यांनी तिला काठीच्या टोकावरून द्यायला लावला. मी छपरीत बसून वाट पाहिली. अंग धुऊन झालं की उचलून घेतील, असं मला वाटत होतं.

त्यांनी घेतलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही.

आमचं गाव सौंदड स्टेशनाहून सायकलच्या अंतरावर, तलावाच्या पाळीखाली. घरात तिघंच. बाबा म्हणजे श्यामलाल, माय कुंदाबाई आणि मी रीता. त्या उन्हाळ्यापासून बाबांची खाट अंगणापलीकडे बोरीखाली गेली. त्यांचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. मला काही द्यायचं असलं तर ते ओट्यावर ठेवायचे आणि दोन पावलं मागे सरायचे, मग मी उचलायची. बोरं, पेन्सिल, कोहमाऱ्याहून आणलेली प्लास्टिकची बाहुली, सगळं असंच ओट्यावरून माझ्याकडे आलं.

माया नव्हती असं म्हणू कशी? मी शाळेत निघाले की त्यांची सायकल माझ्या मागे, पण धानाच्या चार बांध्यांचं अंतर ठेवून. मला ताप आला की ते दाराच्या चौकटीत रात्रभर उभे. उंबरा ओलांडत नसत. "तिच्या कपायाले हात लावून पाय. गरम हाये का?" असं मायला विचारत. स्वतःचा हात मात्र काखेत घट्ट दाबून धरलेला.

आमच्याकडे लेक परगावी निघाली की बाप तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवतो आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडतो. मोडली की तिच्यावरची सारी नजर उतरते. सौंदडच्या फलाटावर मी कितीतरी बाप तसं करताना पाहिले. माझं मागणं तेवढंच होतं. आणि ते का मिळत नाही, हे मला कोणी सांगत नव्हतं.

त्याआधीचे बाबा मला आठवतात, अगदी थोडे. आठवतात म्हणण्यापेक्षा त्यांचा वास आठवतो: राकेलचा, आणि ऊन पाण्यात भिजलेल्या खाकी कापडाचा. मी त्यांच्या खांद्यावर बसलेली आणि माझ्या तोंडासमोर भसभसणारी गॅसबत्ती. "डोरे मीट, बाई, डोरे मीट," ते हसत म्हणायचे. मिटलेल्या पापण्यांच्या आतसुद्धा उजेड लालेलाल दिसायचा.

ते एकोणीसशे नव्याण्णवच्या दिवाळीनंतर कामाला गेले. दूर, समुद्राकाठी, अणुवीज बनवणाऱ्या कारखान्यात. ठेकेदाराची माणसं गोंदियाहून गाडीत बसवून नेत. गावातल्यांना 'अणू' म्हणता येत नव्हतं, ते 'आणू' म्हणत. आणि बाबा सुट्टीवर येऊन परत जाताना मला विचारत, "तुह्यासाठी काय आणू?" त्यामुळे कितीतरी दिवस माझी खात्री होती की माझे बाबा 'आणूच्या कंपनीत' आहेत, जिथे माणसं दिवसभर एकमेकांना काय आणू, काय आणू असं विचारत बसतात. मी ते वर्गात सांगितलं. बाईंनी पदर तोंडावर धरला.

कारखान्याच्या गोष्टी मात्र त्यांनी मला पोटभर सांगितल्या. ते परत आल्यावर, संध्याकाळी, बोरीखालच्या खाटेवरून. मी छपरीत, ते तिथे, मधे सारवलेलं अंगण. त्यामुळे माझ्या बापाच्या गोष्टी मी सगळ्या मोठ्या आवाजात ऐकल्या आहेत. शेजारच्या सुशीलाबाईंनाही त्या पाठ होत्या.

त्यांचं काम होतं यंत्रं दुरुस्त करणाऱ्या साहेबांच्या मागे हत्यारांची पेटी धरून चालणं. तिथल्या हवेत, भिंतीवर, माणसाच्या अंगावर किरणं आहेत का ते पाहणारी यंत्रं जागोजागी टांगलेली होती. डोळ्याला न दिसणारं ती पाहत, आणि दिसलं की ओरडत. पण बाबांच्या गोष्टीत ती बहुतेक वेळा उगीचच ओरडत.

"एक मशीन होती, बाई. तिच्या तोंडावर पातळ पडदा. तिले आतमंदी अंधार लागे. त्या पडद्याले सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. मंग काय! दुपारचं ऊन खिडकीतून आलं का ते बोंबलाले लागे. सायेब कार्ड बदलवून राहिले, तार बदलवून राहिले. घाम गारून राहिले. मी सहज तिच्यापुढं उभा राहिलो, माही सावली पडली, तं चूप!"

"मंग?"

"मंग सायेब म्हने, श्यामलाल, अब तू यहीं खड़ा रह, सालभर."

एका यंत्राची तार घुशीनं कुरतडली होती. एकाच्या जोडांवर समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं हिरवा गंज चढायचा आणि पावसाळी दिवसांत त्याचा आकडा आपोआप वर जायचा. हातात धरून फिरवायचं एक होतं. त्याचा काटा अडके, टिचकी मारली की हले, आणि टिचकीनं हलला की किरणांनी हलला, हे कुणालाच कळत नसे.

आणि दोन गेटं होती. त्यांची गोष्ट मी पुन्हा पुन्हा मागायची. आतल्या भागातून निघालं की कामाचे कपडे तिथेच उतरवायचे, अंग धुवायचं आणि पंचा गुंडाळून पहिल्या गेटात उभं राहायचं. ते कधी कुणाला बोलायचं नाही. हिरवा दिवा लावून सोडून द्यायचं. म्हणून मजुरांनी त्याला नाव ठेवलं होतं माय. मग घरचे कपडे घालून बाहेरच्या फाटकाशी यायचं. तिथलं दुसरं गेट जुनं, खिळखिळं, कुणाच्याही नावानं कोकलणारं. एखाद्यानं बुटानं लाथ मारली तरी कोकले, पाऊस झाला तरी कोकले. त्याचं नाव सासू.

बाबा पूर्वी गावच्या दंडारीत गायचे. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवसांत पारावर होणारा तो आमचा नाच-गाण्याचा खेळ. त्या चालीवर त्यांनी या दोघींचं गाणं बांधलं होतं.

माय म्हणे लेकरू माह्यं, दुधावानी साफ गा,
सासू म्हणे दारात उभी, याचं मोठं पाप गा.

हे म्हणून ते हसत. मी हसे. छपरीच्या खांबाला टेकून तांदूळ निवडणारी माय मात्र हसत नसे. मला वाटायचं, तिला सासवांची थट्टा आवडत नाही.

मायचं आणि बाबांचं लग्न मंडईतच ठरलं, असं केशोराव सांगत. केशोराव म्हणजे आमच्या गावच्या दंडारीचे म्होरके. गॅसबत्त्या त्यांच्या मालकीच्या. त्या पेटवायचं काम बाबांकडे. बत्तीच्या आत एक रेशमी जाळीची चिमुकली पिशवी बांधावी लागते, तान्ह्या लेकराच्या मोज्याएवढी. तिला आम्ही मेंटल म्हणतो. पेटली की ती जळून राख होते, पण राखेची जाळी तशीच टिकून राहते आणि तीच पांढरीफेक उजळते. धक्का लागला की भुरभुरून जाते. मेंटल बांधताना दोर धरायला दुसरा हात लागतो. त्या वर्षी तो हात मामाकडे मंडईला आलेल्या कुंदाचा होता.

"तिनं दोर असा धरून ठेवला," केशोराव सांगत, "का बत्ती पेटली, खेळ सुरू झाला, राजा येऊन गेला, तरी ही बाई दोर धरूनच उभी! मी म्हनलं, सोड वं पोरी आता, का बत्तीवाल्याच्याच घरी जाशीन?"

माय हे ऐकून उठून आत जायची. पण रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकून धान लावताना तिची एक ओवी होती. बायका तिला तीच म्हणायला लावत.

बत्ती पेटली पेटली, मंडईच्या पारावर,
सावली सख्याची पडे, माह्या हातच्या दोरावर.

मी बांधावर बसून ऐकलेली ही ओवी नंतर बंद झाली. नेमकी कधी, ते मला ठाऊक आहे.

बाबा परतले, विहिरीवर अंग धुतलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटी उघडली आणि आतलं सगळं बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, काठी नेऊन पेटवलं. शर्ट, चादर, टॉवेल, मायनं हातानं शिवलेल्या दोन्ही बंड्या. चांगले कपडे होते. मी लांबून पाहत होते. माय धावत आली तेव्हा अर्धं जळून गेलं होतं.

"काऊन जाळून राहिले?" तिनं विचारलं.

"मशीन बिघडली होती," बाबा म्हणाले. "काम संपलं. आता जात नाई."

हे काही उत्तर नव्हतं. बाबा गेल्यावर माय तिथेच बसली. काठीनं राख उकरत राहिली. राखेत काहीतरी पांढरं, जाळीजाळीचं दिसलं. मला वाटलं कोळ्याचं घर. मी हात लावायला गेले तर तिनं माझा हात झटकला आणि ते काठीनं असं हळूच दाबलं की त्याचं पीठ झालं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "धूर गेला वं."

त्या साली रोवण्यात बायकांनी म्हटलं, कुंदा, तुही बत्तीची ओवी म्हन. ती म्हणाली, "विसरली."

अशी वर्षं गेली. घरात भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. माय बाबांचं ताट वाढायची, ते मुकाट्यानं जेवायचे. दोघं एकमेकांशी फार जपून बोलायचे, दोन घरचे पाहुणे बोलावेत तसे. तलावाला पाणी सुटलं का, हलका धान कापला का, लाखोरी कधी पेरायची, रीताची फी. एवढंच. मंडई आली की बाबा पारावर जात नसत. गावात वीज आली, मग हॅलोजन आले, आणि केशोरावांच्या गॅसबत्त्या माळ्यावर गेल्या.

मी बारावी झाले आणि गोंदियाला कॉलेजात गेले. निघताना फलाटावर बाबांनी पिशवी खाली ठेवली, दोन पावलं मागे झाले. मी ती उचलली. गाडी आली. दोन्ही हात काखेत दाबून ते फलाटाच्या टोकापर्यंत गाडीबरोबर चालत राहिले.

दोन हजार सोळाच्या दिवाळीआधीची गोष्ट. आमचं फिजिक्सचं प्रॅक्टिकल होतं. सरांनी लाकडी पेटीतून एक यंत्र काढलं, एक नळी आणि तिला जोडलेला आकड्यांचा डबा. मी ते ओळखलं. कधी पाहिलं नव्हतं, पण बोरीखालून इतक्यांदा ऐकलं होतं की ओळखलं.

"ये चालू है, सर?" मागून कुणी विचारलं. कारण कॉलेजातली निम्मी यंत्रं बंदच असत.

"अभी देखते हैं," सर म्हणाले, आणि त्यांनी लहानशा डबीतून चिमट्यानं एक वस्तू उचलली. तान्ह्या लेकराच्या मोज्याएवढी, रेशमी जाळीची.

"सर, मेंटल!" एक मुलगा ओरडला. "सर मेंटल दिखा रहे हैं!" वर्ग खिदळला.

"हाँ, मेंटल. तुमसे कम." सरांनी ती नळीपाशी नेली. आणि लाह्या फुटाव्यात तसं ते यंत्र तडतडायला लागलं.

सरांनी समजावलं. जुन्या गॅसबत्तीच्या मेंटलमध्ये थोरियम नावाचा पदार्थ असतो, त्यामुळे उजेड पांढरा पडतो. त्यातून किरणं निघतात, अगदी थोडी. खिशात ठेवलं म्हणून माणसाला काही होत नाही, जळालेली राख तेवढी फुंकू नये. पण यंत्राला कळतं. सगळ्यांनी वहीत आकडे उतरवले. माझं लक्ष नव्हतं. माझ्या मिटलेल्या पापण्यांच्या आत लाल उजेड होता.

घरी गेले तर अंगणात केशोराव बसलेले. पुढ्यात माळ्यावरून काढलेली गॅसबत्ती, घासून लख्ख केलेली. यंदा पारावर जुन्या पद्धतीनं दंडार करायची, हॅलोजन बंद ठेवून, असं त्यांच्या डोक्यात आलं होतं. बत्ती पेटवायला बाबांशिवाय कोण?

"श्यामलाल, आता नाई मनू नोको गा. सारे म्हातारे मरून राहिले. मी मेलो का बत्ती पेटवशीन काय, माह्या तेरवीले?"

"मेंटल कुठं भेटते आता?" बाबा खाटेवरून म्हणाले. त्यांचा तो शेवटचा आडोसा होता.

"भेटलं," केशोरावांनी कोपरीच्या खिशातून पाकीट काढून नाचवलं. "आमगावच्या दुकानातून आनलं. धूळ झटकून देल्लं त्यानं."

दिवस कलायला आला होता. माय ओट्यावर बसून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होती. मी पाकीट हातात घेतलं आणि सहज, गंमत म्हणून, सरांची सगळी गोष्ट सांगितली. मेंटल, नळी, तडतड.

केशोरावांनी तोंडावर हात ठेवला. "बाप्पा! मंग मी काऊन जित्ता हावो? आयुष्यभर बत्ती फुंकून राहिलो ना मी!"

"राख फुंकू नका म्हणाले सर. बाकी त्यानं माणसाला काही होत नाही, काका. नुसतं मशीनला कळतं."

"मशीनले कडते," केशोराव म्हणाले. "अना बायकोले कडते." आणि राकेल आणायला उठून गेले.

बाबा हसले नाहीत. खाटेवर ताठ बसले होते.

"मशीनले कडते?" त्यांनी विचारलं. "एवढ्याशा मेंटलचं?"

"हो."

"दुरून?"

"नळी नाजूक असली तर, हो. का, बाबा?"

मग जे त्यांनी इतकी वर्षं गोष्टींच्या मागे झाकून ठेवलं होतं ते सांगायला सुरुवात केली. माझ्याकडे न पाहता, बत्तीच्या काचेकडे पाहत.

"सासूची गोष्ट तुले अर्धीच सांगतली, बाई. त्या साली मी मंडईले आलो होतो, उशिरा. मंडई होऊन गेल्ती. परत गेलो, तं कारखाना बंद करून आतमंदी सफाई सुरू. आमालेबी आत घेतलं. अना तवापासून सासू माह्यावर बोंबलाले लागली. आतली माय हिरवा दिवा दावे. बाहेर आलो का सासू लाल. सायेब म्हनत, माय साफ म्हनते, म्हनजे सासूच खराब. कार्ड बदलवलं, नळ्या बदलवल्या, नवी तार टाकली. तरी. बरं, रोज नाई. एक दिवस बोंबले, एक दिवस चूप. सायेब म्हनत, अशी आड दिवसानं बोंबलते ते मशीन खराबच असते."

"मग?"

"मंग नवी सासू आनली. कोरी करकरीत. ते बाकी कोनाले काई म्हने ना. मलेच. लाइनीतले लोक बाजूले होऊ लागले. माह्या बाजूची खाट होती ना, त्यानं उचलून दुसऱ्या खोलीत नेली. हातातलं मशीन दुरुस्तीले गेल्तं. नुसता शर्ट काढाले लावला, अना फाटकी बंडी पाहून सायेब म्हने, राहू दे. मोठ्या तपासनीची तारीख देल्ली. ठेकेदार म्हने, डर मत, मशीन ख़राब है. पन मले समजलं. मशीन खराब नाई. मीच खराब होऊन गेलो. किरन माह्या आंगात बसले. तपासनीत तेच सांगतीन. मी तारखेच्या आधीच गाडीत बसलो."

"बाबा, तुम्ही तपासणी केलीच नाही?"

"कायले करू? तोंडावर ऐकाले? घरी लहान पोर. माह्या आंगातून तिच्या आंगात गेलं तं? म्हनून सारं जाळलं. म्हनून..." त्यांनी अंगणाकडे हात केला, त्यांच्या आणि माझ्या मधल्या त्या सारवलेल्या जमिनीकडे.

मला रडू येत होतं आणि त्याच वेळी डोक्यात सरांचा वर्ग चालू होता. आत, अंग धुतल्यावर, उघड्या अंगानं, काही नाही. बाहेर, घरच्या कपड्यांत, आहे. एक दिवस आहे, एक दिवस नाही.

"बाबा, आड दिवसानं काय बदलत होतात तुम्ही?"

"काय बदलवतो मी? शर्ट तं एकच होता. बंड्या होत्या दोन. एक पांढरी, एक काथ्या रंगाची. एक धुतली का दुसरी."

सोललेल्या दाण्यांचं सुपडं ओट्यावरून खाली पडलं.

माय उभी राहिली होती. दाणे अंगणभर पसरले, एक कोंबडी धावली, तिनं हाकललंही नाही. बाबांकडे पाहत होती, पहिल्यांदाच पाहावं तशी.

"काय झालं वं?" बाबा म्हणाले.

"काथ्या रंगाच्या बंडीले खाली ठिगर होतं," माय म्हणाली.

"होतं. जाड होतं. तूच लावलं होतं."

"बंडी फाटली नव्हती, अजी."

ती पायरी उतरून अंगणात आली. अंगणाच्या मधोमध थांबली. ओच्यात शेंगांची टरफलं तशीच होती.

"तुमी त्या साली मंडईले उशिरा आले. बत्त्या इझून गेल्त्या. मले लय वाईट वाटलं. मंग तुमी जायच्या आधी मी केशोभाऊंच्या पेटीतून एक मेंटल मागून घेतलं. कोरं. रीता तान्ही होती तवाचं मेनकापड होतं, त्याचा तुकडा कापला, त्यात गुंडारलं, म्हनजे धुतलं तरी भिजत नाई. अना बंडीत शिवून देल्लं. म्हनलं, आंगाजवर राईल. पुढल्या मंडईले बरोबर टायमावर येतीन, तवा उसवून हातात देईन. म्हनीन, घ्या, बांधा. मी दोर धरतो."

बाबांचा हात काखेतून सुटला होता.

"सांगतलं काऊन नाई?"

"सांगाचं होतं. तुमी तं येऊन दुसऱ्याच दिवशी जाळून टाकलं. राखेत जाळी दिसली मले. मले वाटलं, तुमाले सापडलं. सापडलं अना मुद्दाम जाळलं. मन उठलं माह्यावरून तुमचं, तिकडं दुसरी कोनी भेटली, म्हनून खाटबी वेगळी केली." ती बोलता बोलता हसली, आणि ते हसू रडण्यापेक्षा वाईट होतं. "मंग मी कोन्या तोंडानं विचारू? चूप राहिली. इतके दिवस चूपच राहिली."

फाटकाशी राकेलचा डबा घेऊन केशोराव उभे होते. आत यावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं.

मायनं ओचा सोडला. टरफलं खाली पडली.

"सासू खोटी नव्हती बोलत, अजी. पन तुमच्या आंगात काईच नव्हतं. ते माह्यं होतं. मी शिवलं होतं ते." ती माझ्याकडे वळली, मग पुन्हा त्यांच्याकडे. "आता पोरीले जवर घ्या."